पात लावून वाचलेलं पुस्तक

पंधरा वर्षांची होईपर्यंत मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात पाऊल टाकलं नव्हतं. कुणी बंदी घातली होती असं नाही. पण ती पुरुषांची जागा, हे गावातल्या सगळ्या पोरींना न सांगता ठाऊक होतं. दूध सोसायटीच्या इमारतीत एक लांबट खोली होती आणि तिच्या दारावर वाचनालयाची पाटी. सकाळी म्हातारी माणसं तिथं पेपर वाचायची, अगदी टेंडरच्या नोटिशीसकट. संध्याकाळी तरणी माणसं तोच पेपर न वाचता त्यावर भांडायची. पुस्तकांची लोखंडी कपाटं भिंतीला लागून उभी होती आणि त्यांना कुलपं होती. गावात इतकी पुस्तकं आहेत, हेही मला माहीत नव्हतं.

मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं, सोसायटी बंद पडली. विहिरींनी तळ दाखवला आणि टँकर सुरू झाला. टँकर सोसायटीपुढच्या सिमेंटच्या टाकीत रिकामा व्हायचा, पण तो कधी येणार हे ड्रायव्हरलासुद्धा सांगता यायचं नाही. म्हणून शाळा सुटली की आम्ही पोरंपोरी घरचे हंडे-कळश्या घेऊन यायचो आणि टाकीपासून ओळीत लावून द्यायचो. हंडा ठेवला की नंबर लागला. तो कुणी हलवायचा नाही, हा नियम भांडकुदळ बायासुद्धा पाळायच्या. हंड्यांना ऊन लागत नव्हतं, आम्हाला लागायचं. आणि सावली एकाच ठिकाणी होती, वाचनालयाच्या ओसरीत.

वाचनालयाचे काका आधी सोसायटीत दूध मापायचे आणि फावल्या वेळात ग्रंथपाल होते. सोसायटी बंद पडल्यापासून त्यांना फावला वेळच फावला वेळ होता. माणूस भलता चिडका. आमच्या गोंगाटाने त्यांची दुपारची डुलकी मोडली की ते दारात येऊन ओरडायचे, "भाजीबाजार हाय का हा? सिरसाळ्याच्या बाजारात जाऊन बसा!" एकदा माझ्या बाकावरची मैत्रीण त्यांना म्हणाली, "काका, टाइम जाईना हो. एकादं पुस्तक तर द्या, गप बसतो." काका तोंड उघडं टाकून बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्याकडं लोकांनी पेपर मागितला होता, पंखा लावायला सांगितला होता, चहा मागवायला सांगितलं होतं. पुस्तक कुणी मागितलं नव्हतं. कपाटाची किल्ली शोधायला त्यांना बराच वेळ लागला.

अशा रीतीने आम्ही आत गेलो. सात-आठ पोरी आणि तीन-चार पोरं. पहिल्या दिवशी पोरं एका कोपऱ्यात आणि आम्ही दुसऱ्या कोपऱ्यात, जशी लग्नात दोन्हीकडची माणसं बसतात. आतला तो जुन्या कागदाचा कोंदट वास मला अजून आठवतो. कपाट उघडल्यावर ओळीने लावलेली पुस्तकं पाहून मी खरोखर दोन पावलं मागं सरले. इतके दिवस मी या भिंतीच्या पलीकडून पाणी नेत होते, आणि अलीकडं हे होतं.

आता माझ्या घरचं सांगायला हवं. आई-वडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळीचा ट्रक यायचा आणि अर्धं गाव पश्चिमेकडच्या सहकारी कारखान्यांच्या फडांवर निघून जायचं, ते गुढीपाडव्याच्या आसपास परत. त्या वर्षी मी दहावीला होते. माझा बारका भाऊ तीन वर्षांचा. तो आईबरोबर जाणार हे ठरलेलं होतं. माझं काहीच ठरलेलं नव्हतं. घरी मागं राहणार फक्त आजोबा, त्यांना ऐकू कमी यायचं आणि संध्याकाळचं दिसायचंही कमी. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "तुला कुनाच्या भरवशावर ठिवू मी? शाळा सुटल्यावर दिवस मावळंस्तवर तू कुठं असशील, हे मला तिकडं फडात कसं कळंल?" शेजारच्या दोन पोरींची याच काळजीपोटी लग्नं लागून गेली होती. मला फडावर जायचं नव्हतं. मला दहावीच्या परीक्षेला बसायचं होतं. याहून मोठी इच्छा मला तेव्हा नव्हती आणि याहून मोठी भीतीही नव्हती.

वाचनालयाचं नाव निघालं तेव्हा आईचा चेहरा थोडा सैल झाला. "तितं मोठं मानूस कोन असतंय?" तिने विचारलं. काका असतात, म्हटलं. ती एकदा हंडा घेऊन स्वतः आली, दारातूनच आत डोकावली, काकांना आमच्यावर खेकसताना पाहिलं आणि समाधानाने परत गेली. माणूस ओरडणारा आहे म्हणजे लक्ष ठेवणारा आहे, असा तिचा हिशेब. घरी येऊन म्हणाली, "ऱ्हा मग. संक्रांतीपस्तोर ऱ्हा. संक्रांत झाली की मी येते तुला न्यायला. तुझ्या आत्याला दिस गेलेत, ती बाळातपणाला म्हागारी येनार. मग बारक्याला कोन बघल?" आत्या त्यांच्याच टोळीत होती आणि फडावर बारक्याला तीच सांभाळायची. परीक्षा होती मार्चमध्ये. संक्रांतीपर्यंत राहणं म्हणजे हातात ताट देऊन पहिल्या घासाला उठवणं. पण मी मान हलवली, कारण तेवढं तरी पदरात पडलं होतं.

आता पुस्तकाची गोष्ट. ते जाडजूड होतं, परळीच्या रद्दीवाल्याकडून काकांनी गठ्ठ्याने आणलेल्यातलं. त्याच्या पुठ्ठ्यावरचं नाव पुसलेलं, आतली पहिली काही पानं गेलेली, म्हणून नाव काय आणि लिहिलं कुणी हे शेवटपर्यंत कळलं नाही. एका नदीची आणि त्या नदीवरच्या नावाड्याच्या पोरीची ती कादंबरी होती. उरलेल्या पहिल्या पानापासून पाणीच पाणी. पाण्याचा रंग, पाण्याचा वास, डोहात उडी मारल्यावर कानात होणारा आवाज. आमच्यातल्या कुणी नाव पाहिली नव्हती. आमच्या गावची नदी म्हणजे वाळूचा पट्टा आणि त्यावरून जाणारी ट्रॅक्टरची चाकोरी. मैत्रिणीने पहिलं पान मोठ्यांदा वाचलं आणि सगळे गप्प झाले. बाहेर टँकर येऊन रिकामा होऊन गेला तरी दोघींना कळलं नाही. त्यांनी घरी जाऊन मार खाल्ला.

पण पुस्तक एक आणि आम्ही दहा-बारा. प्रत्येकाला आधी पाहिजे. रोज हिसकाहिसकी, रोज काकांचा आरडाओरडा. शेवटी एक पोरगा म्हणाला, "कावून भांडताव? पात लावू की."

शेतात ज्वारी काढायला किंवा खुरपायला माणसं उतरली की एकेक जण आपल्यापुढच्या काही ओळी धरतो. ती त्याची पात. पात धरली की ती शेवटाला न्यायची, अर्ध्यात टाकून उठायचं नाही. दुसऱ्याच्या पातीत शिरायचं नाही. कुणी मागं पडला तर शेजारच्याने हात द्यायचा. आमच्यातल्या प्रत्येकाने चालता येऊ लागल्यापासून हेच पाहिलं होतं, त्यामुळे कुणालाच यात वावगं दिसलं नाही. पुस्तकाची शिवण सैल झालेलीच होती. त्या पोराने ब्लेडने ती उसवली आणि पानांच्या सारख्या जुड्या करून वाटून टाकल्या. एकेकाची एकेक पात. आपापली वाचायची आणि मग रोज एकाने उठून आपल्या पातीतलं बाकीच्यांना सांगायचं. पुढचं कुणी चोरून वाचायचं नाही. शेवटून दुसरी पात माझ्या वाट्याला आली आणि शेवटची माझ्या मैत्रिणीच्या.

काकांना हे दुसऱ्या दिवशी कळलं. रिकामा पुठ्ठा हातात घेऊन ते खुर्चीत बसले. ओरडलेसुद्धा नाहीत, इतका धक्का बसला होता. "पुस्तक हाय का गवत हाय ते?" एवढंच म्हणाले. आम्हाला खरंच कळेना की बिघडलं काय. पान एकही गेलं नव्हतं, सगळी पानं गावातच होती. काकांनी पुठ्ठा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पहिल्या पातीवाल्या पोराने सांगायला सुरुवात केली. त्याला शाळेत फळ्यापुढं उभं केलं तरी घाम फुटायचा. इथं तो सांगत गेला, हातवारे करत गेला, नावाड्याची नाव भोवऱ्यात सापडली तेव्हा तो स्वतःच गरगर फिरला. मग दुसरी, मग तिसरा. ज्याला जसं सुचेल तसं. कुणी पान समोर धरून वाचून दाखवायचं, कुणी नुसतं सांगायचं, एका पोरीने तर तिच्या पातीतलं लग्न ओव्या म्हणून लावलं. काका पेपरामागून ऐकत होते हे मला दिसत होतं, कारण पान उलटत नव्हतं. पुढं पेपरवाली म्हातारी माणसं दुपारी यायला लागली. हंडे लावून बाया ओसरीत टेकायला लागल्या. आमच्याकडं सगळंच सहकारी होतं, दूध सहकारी, पतपेढी सहकारी, जिथं माणसं राबायला जायची तो कारखाना सहकारी. वाचन तेवढं ज्याचं त्याने करायचं होतं, तेही आम्ही सहकारी करून टाकलं. मी खोलीकडं बघायची आणि मला नवल वाटायचं की ही तीच खोली, जिथं यायला माझे पाय अडत होते.

टोळीचा ट्रक ठरल्याच्या एक दिवस आधीच आला. पहाटे गडबडीत ट्रंका, पत्रे, भांडी, लेकरं वर चढली. आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "दिस मावळायच्या आत घरी. आन संक्रांतीला तयार ऱ्हा." माझी मैत्रीणही त्याच ट्रकमध्ये होती. तिला मागं ठेवायला आजोबासुद्धा नव्हते. ती खाली वाकून माझ्याकडं बघत होती आणि ट्रक निघाला. तिची शेवटची पात तिच्याबरोबर गेली. तिचं वाचून व्हायचं होतं, आणि अर्धी पात टाकून जायची नसते.

बाकीच्या जाणाऱ्यांच्या पाती वाचून झाल्या होत्या, त्या ते आम्हाला देऊन गेले; मागं राहिलो आम्ही मोजके. त्यातच सोसायटीचे चेअरमन एका दुपारी आले. गावातली निम्मी जमीन त्यांच्या घराण्याची, वाचनालयाच्या कमिटीचे अध्यक्षही तेच, आणि छावणीही त्यांच्याच सोसायटीची. छावणीच्या सरकी पेंडीची पोती ठेवायला त्यांना जागा हवी होती. अर्धी खोली त्यांनी आधीच पोत्यांनी भरली होती आणि आम्ही त्या पोत्यांवर चढून बसायला लागलो होतो. आता ते उरलेली खोली मोकळी करून कुलूप लावायला आले होते. खोली बंद म्हणजे काका बंद, आणि काका बंद झाल्याचं फोनवर कळलं की आई संक्रांतीचीसुद्धा वाट बघणार नव्हती.

"काय चाललंय बे हे?" चेअरमन दारातून गरजले. त्या वेळी माझी पात चालू होती. नदीला पूर आलेला, पोरगी पलीकडच्या गावी शाळेत, आणि नावाडी अलीकडच्या काठावर अडकलेला. मी थांबले. काका उठून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना चेअरमनसमोर मान वर करून बोलताना पाहिलं. ते म्हणाले, "साहेब, तिचं एवढं होऊ द्या. मंग लावा कुलूप." चेअरमनला काय वाटलं कुणास ठाऊक, ते एका पोत्यावर टेकले. मी सांगत राहिले. पूर चढत होता, झाडं वाहून चालली होती, जनावरांचे हंबरडे ऐकू येत होते. त्या कोरड्याठाक वर्षी त्या खोलीत माणसं पुराला भिऊन पोत्यांवर पाय वर घेऊन बसली. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, चेअरमनचे पायसुद्धा वर होते.

माझी पात संपली. चेअरमन म्हणाले, "मंग? फुडं?"

पुढचं नव्हतं. पुढचं दूर फडावर, एका कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपडीत, पोरीच्या गाठोड्यात होतं. हे ऐकून ते काकांवरच उखडले, "पुस्तकाला शेवट न्हाई म्हंजे काय? लायब्ररी चालिवताव का चेष्टा करताव?" पण कुलूप मात्र त्यांच्या हातातच राहिलं. जाताना म्हणाले, "शेवट कळू द्या, मंग बघू."

फडावर निरोप पोचायला बरेच दिवस लागले. टोळीच्या मुकादमाकडं मोबाइल होता, पण टोळी दिवसभर उसात आणि रात्री ट्रक भरायला. मधल्या काळात खोली उघडी राहिली. मी गणितं सोडवायची, काका आता डुलकी घेत नव्हते, आणि संक्रांत जवळ येत चालली होती. संक्रांत आली आणि गेली. मी दप्तर भरलं नाही की गाठोडं बांधलं नाही, रोज नुसती वाट बघत होते.

मग एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, चेअरमन स्वतः वाचनालयात आले. मुकादमाचा फोन लागला होता. त्यांनी मोबाइल स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. पोत्यांवर, ओसरीत, दारात माणसं दाटली. माझ्या मैत्रिणीला फोनवर बोलवा, असं चेअरमनने सांगितलं. पलीकडून बाईचा आवाज आला, "ती पान्याला गेली हाय. तिनं वाचून दाखिवलंय आमाला समद्यास्नी. मी सांगते."

तो आईचा आवाज होता. माझी आई चेअरमन समोरून आले की पदर ओढून भिंतीला लागायची. तिला अक्षरओळख नव्हती. बाकाची कड हाताने घट्ट धरून मी ऐकत होते.

"पूर वसरला," आई म्हणाली. "नावाड्यानं नाव घातली पान्यात. पलीकडं गेला. शाळंपुढं हुभा ऱ्हायला. पोरगी आत वर्गात बसल्याली, त्याला खिडकीतून दिसती. पर घरात तिच्या आईचं दुखनं, धाकली भावंडं. त्यो हाक मारतो. ती पाटी ठिवती, भाईर येती, नावंत बसती. नाव निघती. संपलं."

पलीकडून दुसऱ्या बायांचे आवाज आले, एक म्हणाली पोरगी रडली तेवढं सांगायचं राहिलं. आईने तिला गप्प केलं. इकडं सगळ्या गावाने इतके दिवस जीव टांगून ठेवला होता तो यासाठी.

"लई वंगाळ शेवट हाय," आई म्हणाली. "कावून असा लिवला म्हनावं त्यानं?"

चेअरमन घसा खाकरून म्हणाले, "बाई, गोष्ट हाय ती."

"गोष्ट हाय म्हून तर. गोष्टीत तरी त्यानं नाव म्हागं फिरवायची हुती."

फोनमधून बारक्याचं किरकिरणं ऐकू येत होतं, कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता. मग आईने विचारलं, "माजी पोरगी हाय का तितं?"

काकांनी मला टेबलाजवळ ढकललं. मी म्हटलं, "हाय."

"ऐक. आत्या म्हागारी निघाली हाय उद्या. बारक्याचं मी बघते. मी न्हाई येनार तुला न्यायला. तू बस तितंच."